हॉटेलातलं चायनीज, वाढलेली शुगर आणि बीपीची गोळी: काय मागवायचं, कसं खायचं

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: वय ४३, ऑफिस ऐरोलीला. दर शुक्रवारी टीमबरोबर बाहेर जेवण, ते बहुतेक वेळा चायनीज किंवा थाय. रविवारी घोडबंदर रोडला बायको-मुलांसोबत पुन्हा तेच, कारण मुलांना तेच हवं असतं. गेल्या महिन्यात एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी) ६.१ आली आणि बीपीची गोळी सुरू झाली. आता चायनीज कायमचं सोडायचं, की अजिनोमोटो न घालणारं हॉटेल शोधायचं? शिवाय बायको शाकाहारी आहे, तिच्यासाठी काय मागवावं?

मी गेली १९ वर्षं ठाण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि हा प्रश्न माझ्याकडे महिन्यातून तीन-चारदा तरी येतो. माझं उत्तर असं की दोन्ही करायची गरज नाही. ६.१ म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर (५.७ ते ६.४ हा तो पट्टा), आणि इथून मागे फिरता येतं. पण त्यासाठी अडचण कुठे आहे ते नीट ओळखायला हवं. ती अजिनोमोटोत नाही आणि चायनीज या प्रकारातही नाही. ती आहे ग्रेव्हीत, एका जेवणात तीन-तीन पिष्टमय पदार्थ येण्यात आणि आठवड्यातून दोनदा हे होण्यात.

आधी अजिनोमोटोचा विषय मिटवू, कारण त्याच्या भीतीपोटी लोक खऱ्या गोष्टीकडे बघतच नाहीत. १९०८ साली टोकियोत किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने कोम्बू नावाच्या समुद्री शेवाळाच्या पाण्यातून ही चव देणारं ग्लुटामेट वेगळं काढलं. तेच ग्लुटामेट टोमॅटोत आणि मुरलेल्या चीजमध्येही निसर्गतः असतं. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात चायनीज जेवणानंतर अस्वस्थ वाटतं असं पत्र छापून आलं आणि तिथून हा धसका पसरला. नंतर लोकांना न सांगता अजिनोमोटो देऊन चाचण्या झाल्या, त्यात नेहमीच्या प्रमाणात त्रास होतो असं सातत्याने दिसलं नाही. काहींना ते जास्त पोटात गेलं की डोकं दुखतं, त्यांनी जरूर टाळावं. पण बीपीच्या हिशेबाने बघाल तर अजिनोमोटोत सोडियम साधारण १२ टक्के असतं आणि आपल्या साध्या मिठात ३९ टक्के. "आम्ही अजिनोमोटो वापरत नाही" अशी पाटी लावलेल्या हॉटेलातही सोया सॉस असतोच, आणि तुमच्या बीपीचा संबंध त्या सॉसशी जास्त आहे.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सगळं मिळून सपाट एक छोटा चमचा. त्यात भाजी, आमटी, लोणचं, पापड, ब्रेड, बिस्किटं सगळं आलं. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ मिलीत, जवळपास ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं. मिठात सांगायचं तर दोन ग्रॅमांहून अधिक. निम्म्या दिवसाचं मीठ एका चमच्यात, आणि तो चमचा पडतो कढईत आधीच मीठ घातलेलं असताना.

माझ्या एका पेशंटच्या दिराचं नौपाड्यात छोटं चायनीज हॉटेल आहे. त्यांच्या परवानगीने एक दुपार मी तिथल्या भटारखान्यात उभी होते. कढईखाली शेगडीचा आवाज इतका की बोललेलं ऐकू येत नाही. आचाऱ्याच्या हातात लांब दांड्याचा डाव, आणि त्याच डावाने तो सगळं घेतो: तेल, सॉस, व्हिनेगर, मीठ, शेवटी पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लॉवर. मोजायला त्याला वेळच नसतो, हाताचा अंदाज असतो. गर्दी ओसरल्यावर मी त्याला एका फ्राइड राइससाठी घेतो तेवढंच तेल वाटीत ओतायला सांगितलं आणि माझ्या मोजायच्या चमच्यांनी मोजलं. तीन मोठे चमचे भरले. म्हणजे चाळीसेक ग्रॅम तेल, नुसत्या तेलाच्या साडेतीनशे कॅलरी. तो माणूस लबाडी करत नव्हता. इतक्या आचेवर भात मोकळा राहावा, कढईला लागू नये म्हणून तेल लागतंच. ऑर्डर देताना आपल्याला हे माहीत असावं, एवढंच माझं म्हणणं.

दुसरा प्रयोग तुम्ही घरी करू शकता, आणि मी तो बऱ्याच जणांना करायला लावते. व्हेज मंचुरियन ग्रेव्ही घरी मागवा. मोठ्या भांड्यावर पुरणाची चाळणी ठेवा आणि सगळं तीत ओता. दहा मिनिटांनी वर गोळे आणि भाजी राहते, खाली रस्सा जमतो. माझ्याकडे खाली दीड वाटी जमला होता. तो फ्रीजमध्ये ठेवून सकाळी बघा. सुती साड्यांना घालायची खळ जशी थिजते तसा तो थिजलेला असतो, वर तेलाचा तवंग. ती खळ म्हणजे कॉर्नफ्लॉवर, म्हणजेच शुद्ध स्टार्च. त्यातच साखर, केचप आणि सोया सॉसचं बहुतेक मीठ.

आता ही खळ पोटात जाते कशी? तर आपण ती भातात कालवतो. आपली जेवायची रीत आमटी-भाताची. ताटात भात घेतला की त्यात काहीतरी ओतून कालवल्याशिवाय हात पुढे जात नाही. हॉटेलवाल्यांनीही ते ओळखलंय. मंचुरियन हा पदार्थ मंचुरियातून आलेला नाही. १९७५ मध्ये मुंबईतल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वँग यांनी तो तयार केला असं सांगितलं जातं: आपलंच आलं, लसूण, हिरवी मिरची, फक्त गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर. आपल्या जिभेसाठी, आपल्या भातासाठी बनलेली ती ग्रेव्ही आहे. चिनी घरांत साधारणपणे प्रत्येकाच्या वाटीत कोरा भात असतो, मधल्या पदार्थांतले तुकडे काड्यांनी उचलून त्याबरोबर खाल्ले जातात आणि बराचसा रस्सा भांड्यातच राहतो.

म्हणून माझा पहिला सल्ला पदार्थ बदलण्याचा नाही, हाताची सवय बदलण्याचा आहे. कालवू नका. स्टीम्ड राइस वेगळ्या वाटीत घ्या. ग्रेव्हीच्या भांड्यातून काट्याने किंवा चिमट्याने भाजी, चिकन, टोफूचे तुकडे उचला, क्षणभर निथळू द्या आणि प्लेटमध्ये घ्या. रस्सा भांड्यात राहू दे. टाकून द्यायला जिवावर येतं, हे मला ठाऊक आहे. पानात काही टाकायचं नाही असंच आपण सगळे शिकलोय. पण ती दीड वाटी खळ पोटात गेल्याने कुणाचीही भूक भागत नाही. एवढी एकच गोष्ट पाळून बीपी आणि शुगर दोन्हींत फरक पडलेले पेशंट मी पाहिलेत. आणि त्यांना बाकी काही सोडावं लागलं नव्हतं, म्हणून ते टिकलं.

दुसरी गोष्ट, टेबलावरची ऑर्डर. टीमचं जेवण कसं होतं ते तुमच्याइतकंच मलाही माहीत आहे. मंचाव सूप, वर तळलेल्या नूडल्स. मग क्रिस्पी व्हेज, चिकन लॉलीपॉप, स्प्रिंग रोल, म्हणजे मैदा आणि कॉर्नफ्लॉवरचं आवरण. मग हक्का नूडल्स आणि फ्राइड राइस दोन्ही, कारण कुणाला हे हवं असतं, कुणाला ते. वर ग्रेव्ही. ट्रिपल शेजवान मागवलं तर भात, नूडल्स आणि तळलेल्या नूडल्स एकाच प्लेटमध्ये, शेजारी ग्रेव्ही. यात चार ठिकाणांहून स्टार्च आला आणि भाजी म्हणावी अशी कोबी-गाजराची चिमूटभर. तुम्ही एवढंच ठरवा की माझ्या जेवणात पिष्टमय पदार्थ एकच. मोमो खाल्ले तर भात नाही, कारण मोमोचं आवरण मैद्याचंच असतं, वाफवलेलं असलं तरी. नूडल्स हव्या असतील तर राइस नाही. कुठला घ्यायचा हे तुमच्या आवडीवर. मी स्वतः एक वाटी स्टीम्ड राइस घेते, कारण त्यात तेल नसतं, मीठ नसतं आणि वाटी मोजता येते.

सुरुवात कशाने करायची याला मी फार महत्त्व देते. आधी भाजी आणि प्रोटीन, भात शेवटी, असं खाल्लं तर तेच जेवण असूनही नंतरची साखर कमी चढते, हे अभ्यासांतून दिसलंय आणि माझ्या ज्या पेशंटच्या दंडावर साखर सतत मोजणारा सेन्सर असतो त्यांच्या आलेखांतही मी ते बघते. सूप घ्यायचं तर क्लिअर किंवा लेमन-कोरिअँडर. हॉट अँड सॉर, मंचाव आणि स्वीट कॉर्न या तिघांत कॉर्नफ्लॉवर असतं. पण बीपी असेल तर क्लिअर सूपही जपून, कारण त्यातही मीठ असतंच. दोघांत एक घ्या. स्टार्टरला वाफवलेलं किंवा भाजलेलं: चिकन साते (काडीला लावून भाजलेले तुकडे; शेंगदाण्याची चटणी बाजूला), स्टीम्ड फिश, परतलेला पाकचोई (चिनी पालेभाजी) किंवा ब्रोकोली, उकडलेले एडामामे (सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा). मासे खाणाऱ्यांनी मेन्यूवर 'स्टीम्ड सी-बास' दिसला तर जरूर मागवावा. तो एशियन सी-बास असेल तर तो आपला जिताडाच. पनवेल-उरणकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. आलं आणि कांद्याच्या पातीबरोबर वाफवून आणतात, सोया खाली तळाशी असतो. वरचा मासा खा, तळ सोडा.

थाय जेवणाबद्दल लोकांचा गैरसमज असा की ते हलकं असतं. टॉम यम सूप खरोखर हलकं असतं, बहुतेक ठिकाणी नारळाच्या दुधाशिवाय करतात. टॉम खा आणि ग्रीन-रेड करी यांत मात्र भरपूर नारळाचं दूध. ओल्या खोबऱ्यात वाढलेल्या कोकणी माणसाला त्यात वावगं वाटणार नाही आणि कधीमधी खायला हरकतही नाही, फक्त ते पातळ दिसतं म्हणून दोन वाट्या पिऊ नयेत. कच्च्या पपईचं सोम तम हे सॅलड माझं आवडतं. साखर कमी घालायला सांगा, कारण मूळ कृतीत ताडगूळ असतो आणि इथे साखरेचा हात सैल असतो. पॅड थाय नूडल्सही बऱ्याच गोड असतात.

तुमच्या मिसेसना एक गोष्ट आवर्जून सांगा. थाय सॅलड आणि करीत फिश सॉस असतो, करी पेस्टमध्ये सुकवलेली कोळंबी असू शकते, चायनीज पालेभाज्यांत ऑयस्टर सॉस असतो आणि जपानी मिसो सूपच्या मूळ पाण्यात मासा असतो. मेन्यूवर नाव भाजीचं असलं तरी विचारल्याशिवाय मागवू नये. गुरुवार, चतुर्थी पाळणाऱ्या माझ्या कितीतरी पेशंटना हे माहीतच नव्हतं, आणि कळल्यावर त्यांना फार वाईट वाटलं. प्रोटीनचाही प्रश्न आहे. शाकाहारी माणूस मशरूम-बेबीकॉर्न मागवतो आणि समजतो की झालं, पण त्यांत प्रोटीन फारसं नसतं. टोफू, एडामामे किंवा पनीर यांतलं एक टेबलावर हवंच, आणि तेही आवरण लावून तळलेलं नको.

जपानी आणि कोरियन आता वाशी-सीवूड्सकडेही सहज मिळतं, त्याबद्दल थोडंसं. सुशीचा भात साखर, मीठ, व्हिनेगर घालून कालवलेला असतो आणि एका रोलमध्ये पाऊण-एक वाटी भात सहज जातो, त्यामुळे तो तुमचा त्या जेवणातला पिष्टमय पदार्थ धरा. टेम्पुरा म्हणजे तळणच. किमचीत भाजी असते पण ती खारवलेली. लोणच्यासारखी एक-दोन घास. बिबिंबाप (भातावर भाज्या मांडलेला कोरियन वाडगा) मला आवडतो, भाज्या वेगवेगळ्या मांडलेल्या असतात, फक्त तिखट-गोड पेस्ट बाजूला मागवायची आणि अर्धा भात ठेवून द्यायचा.

हे सगळं वेटरला सांगायचं कसं, हा पुढचा अडथळा. "हेल्दी बना के लाओ" असं म्हटलं तर काही होत नाही, त्याला त्यातून काहीच कळत नाही. नेमकं सांगा: "नमक मत डालना, सोया आधा, कॉर्नफ्लॉवर नहीं, सॉस अलग से." कॉर्नफ्लॉवर न घालता पदार्थ पातळ होतो, ते त्याला आधीच सांगा, नाहीतर आतून आचारी नाराज होतो. जेवणाच्या गर्दीच्या वेळी प्रत्येक सूचना पाळली जाईलच असं नाही. सव्वाबाराला पोचलात तर पाळली जाते, दीडला नाही, असा माझा अनुभव आहे. दहा किंवा त्याहून जास्त शाखा असलेल्या हॉटेलांना मेन्यूवर कॅलरी लिहिणं एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) बंधनकारक केलंय. तो आकडा जरूर वाचा, पण तो एका माणसाचा की पूर्ण प्लेटचा हे बघा. आणि त्यावरून मिठाचा अंदाज येत नाही, हेही लक्षात ठेवा. पेयात जास्मिन टी किंवा साधं पाणी. फ्रेश लाइम सोडा हवा असेल तर साखर आणि मीठ दोन्हींशिवाय. 'स्वीट अँड सॉल्ट' म्हटलं की तुमच्या दोन्ही आजारांना एकाच ग्लासात खाऊ मिळतो.

आता परिस्थितीप्रमाणे बदलणाऱ्या गोष्टी, आणि या मी गांभीर्याने सांगते आहे. तुम्ही शुगरची गोळी लिहिलेली नाही. पण हे वाचणाऱ्या कुणाला इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर भात-नूडल्स पूर्ण सोडू नका, साखर अचानक खाली जाऊ शकते. एक वाटी भात खायलाच हवा, आणि डॉक्टरांशी बोलल्याशिवाय काही बदलू नका. किडनीचा त्रास असेल तर मीठ, प्रोटीन, पोटॅशियम या सगळ्यांचाच हिशेब वेगळा, वरचं तसंच्या तसं लावू नका. बीपीच्या काही गोळ्यांनी पोटॅशियम वाढतं, त्यामुळे 'लो सोडियम' मीठ स्वतःच्या मनाने सुरू करू नका. गव्हाची ॲलर्जी असेल तर साध्या सोया सॉसमध्ये गहू असतो. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर थाय जेवणात फार सावध राहा.

राहिला प्रश्न आठवड्यातून दोनदा जाण्याचा. कोपरीचे एक गृहस्थ माझ्याकडे येतात. बीपी निघाल्यावर त्यांनी चायनीज शपथेवर सोडलं आणि चार महिन्यांनी आले तेव्हा बीपी तिथेच. खाण्याची नोंद काढली तर रोज दोन्ही वेळा पापड, लोणचं आणि संध्याकाळी फरसाण. सोडल्याचं समाधान होतं, पण मीठ कमी झालंच नव्हतं. म्हणून मी तुम्हाला सोडा म्हणत नाही. शुक्रवार ठेवा, कारण टीमबरोबर बसणंही माणसाला हवं असतं. रविवारी मुलांना हॉटेलात न्यायचं असेल तर महिन्यातून दोनदा, आणि उरलेले दोन रविवार घरीच कढईत कोबी, सिमला मिरची, फरसबी, अंडं किंवा पनीर, एक छोटा चमचा सोया सॉस आणि भरपूर लसूण. मुलांना चिरायला बसवा. माझ्या मुलीने नववीत असताना अशी शिकलेली नूडल्स ती आता हॉस्टेलवर करते.

बाहेर जेवणार त्या दिवशी बाकीचं खाणं बिनमिठाचं नको, पण हात आखडता ठेवा: सकाळी उपमा-पोह्यांऐवजी दूध, फळ, उकडलेली अंडी किंवा मोड आलेली मटकी, रात्री ताकात मीठ नाही, पापड-लोणचं नाही. उपाशी मात्र राहू नका. सकाळपासून न खाता गेलात तर स्टार्टरची पहिली प्लेट तुम्हीच संपवाल. जेवल्यावर लगेच खुर्चीत बसू नका. ऑफिसच्या आवारात पंधरा मिनिटं चाला, रविवारी असाल तर उपवन किंवा मासुंदा तलावाला एक फेरी. जेवणानंतरचं चालणं साखरेवर लगेच परिणाम करतं.

शनिवारी सकाळी वजन किलोभर जास्त दिसलं तर घाबरू नका, मिठाने धरलेलं पाणी असतं ते, दोन दिवसांत उतरतं. बीपी शनिवारी आणि बुधवारी सकाळी, गोळी घेण्याआधी, पाच मिनिटं शांत बसून मोजा आणि वहीत लिहा. शनिवारचा आकडा सतत जास्त येत असेल तर शुक्रवारचा रस्सा अजून पोटात जातोय असं समजा. एचबीएवनसी पुन्हा तीन महिन्यांनी करा, त्याआधी करून उपयोग नाही, कारण ती मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी दाखवते. तो रिपोर्ट आणि ती वही दोन्ही घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा.